ज्ञानेश्वरी कोणत्या अक्षराखाली?

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ग्रंथालयाच्या शताब्दीत संगणकाच्या कार्यप्रणालीवर व्याख्यान ठेवावे, याचे काहींना नवल वाटले असेल. संतवाङ्मय, नाटक, हैदराबादचा मुक्तिसंग्राम असे विषय असताना हा रुक्ष विषय कशाला, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी एका प्रश्नानेच देतो. आपली ग्रंथसूची संगणकावर चढविली, तर तीत 'ज्ञानेश्वरी' कोणत्या जागी येईल?

आपण शाळेत शिकलेली वर्णमाला 'ह, ळ, क्ष, ज्ञ' अशी संपते. तेव्हा आपण सूचीच्या अगदी शेवटी बोट नेऊ. संगणकाच्या लेखी मात्र 'ज्ञ' असे स्वतंत्र अक्षर नाही. तेथे आधी ज, मग पाय मोडल्याची खूण आणि मग ञ, असे तीन संकेतांक आहेत. त्यामुळे निराळी सूचना न दिल्यास ज्ञानेश्वरी 'ज'च्या ग्रंथांच्या शेपटाला, 'झ'च्या आधी जाऊन बसते. 'क्ष'ने सुरू होणारी नावे तशीच 'क'च्या पाठोपाठ जातात. 'ळ'ची गत आणखी निराळी. युनिकोडच्या तक्त्यात तो 'ल'च्या लगेच पुढे आहे. म्हणून 'काळ' हा शब्द 'काव्य'च्या आधी येतो. आपल्या वर्णक्रमाने तो 'कास'च्याही नंतर यायला हवा. यात तक्ता करणाऱ्यांचा दोष नाही. तो क्रमांकांचा तक्ता आहे, कोणत्याही भाषेचा वर्णक्रम नव्हे. वर्णक्रम प्रत्येक भाषेने स्वतंत्रपणे लिहून द्यावा, अशी सोय प्रणालीत आहे. प्रश्न एवढाच, की मराठीच्या वतीने तो कोणी लिहून द्यायचा, आणि लिहिलेला बरोबर आहे की नाही हे कोणी पाहायचे?

विकत घ्यावयाच्या प्रणालीत याचे उत्तर सरळ आहे: ज्याची ती वस्तू, तो. त्याला गिऱ्हाइके दिसली तर तो करील, न दिसली तर राहील. मी येथे बोलणार आहे ते दुसऱ्या प्रकारच्या प्रणालीविषयी. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्सच्या धर्तीची पण सर्वांना वापरण्यास, उघडून पाहण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास मोकळी अशी प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला; तिचे नाव ग्नू. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिला उणा असलेला गाभा लिहिला, तो लिनक्स. या दोहोंना हजारो उपयुक्त आज्ञावलींची जोड देऊन सबंध संच तयार करणारी मंडळेही निघाली; १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेले डेबियन हे त्यांतील एक जुने आणि मान्यवर. (या मुक्त वस्तू बहुधा फुकट मिळतात, म्हणून आपण 'मुक्त' आणि 'फुकट' यांची गल्लत करतो. ग्रंथालयाच्या सभासदांनी तरी ती करू नये. पाणपोईचे पाणी आणि विहिरीवरचा हक्क यांत फरक आहे.)

डेबियनने १९९७ साली आपल्या वापरकर्त्यांशी एक लेखी सामाजिक करार केला. आपल्यातील दोष आम्ही दडवून ठेवणार नाही, असे त्यात एक कलम आहे. कोणीही दोषाची नोंद करावी, ती जगाला दिसावी, तिला क्रमांक मिळावा आणि तिच्यावरची चर्चा उघडपणे व्हावी. २०२१ साली या नोंदींच्या क्रमांकाने दहा लाखांचा आकडा गाठला. दहा लाख दोष असलेली वस्तू कोण घेईल, असे एखादा व्यापारी म्हणेल. मला ती वही पाहून उलट विश्वास वाटतो.

आता ही दुरुस्ती चालते कशी, हे मराठीच्याच एका उदाहरणाने पाहू. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांतील फरक लग्नघरात फारच महत्त्वाचा. हा फरक दाखविणारा आडवा रफार मराठीच्या नित्य वापरातला, पण हिंदीला त्याची गरज नाही. समजा, तुमच्या संगणकावर 'दऱ्या' लिहिले आणि पडद्यावर 'दर्या' उमटले. दोष कोठे आहे? तो चार ठिकाणी असू शकतो. कळफलकावरून योग्य संकेतांक गेलाच नसेल. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर वरच्या बाजूला 'ऱ' असतो, आणि तो न दाबता साधा र दाबला की पुढचे सगळे बिघडते. संकेतांक बरोबर असून टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, ती आकृतीच कोरलेली नसेल. आकृती असूनही अक्षरे जुळविणाऱ्या आज्ञावलीने ती निवडली नसेल. किंवा हे तिन्ही ठीक असून ज्या कार्यक्रमात आपण लिहितो आहोत त्यानेच घोळ केला असेल. शोध घेण्याची रीत वैद्याच्या रीतीसारखी आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टंक बदलून पाहावा. तीच ओळ दुसऱ्या कार्यक्रमात नेऊन पाहावी. नंतर कोणता टंक, कोणती आवृत्ती, काय लिहिले, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, एवढे नेमकेपणाने लिहून कळवावे. 'मराठी नीट दिसत नाही' या तक्रारीला उत्तर मिळत नाही. वरील पाच गोष्टी लिहिल्या तर बहुधा मिळते. कारण समोरचा मनुष्य कॅनडात किंवा जर्मनीत बसलेला, कुशल पण मराठी न जाणणारा असतो. त्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन सारख्याच रेघोट्या आहेत.

अक्षरे जुळविणाऱ्या त्या आज्ञावलीचे नाव 'हर्फबझ'. लिनक्सच्या पडद्यावर, फायरफॉक्समध्ये, अँड्रॉइडच्या फोनमध्ये देवनागरी जुळते ती तिच्याच हातून. तिचे नाव फारसीतल्या 'हर्फ' आणि 'बाज' या शब्दांवरून ठेवलेले, अर्थ मोकळे अक्षर. 'हर्फ' म्हणजे काय हे निदान हैदराबादकरांना मी सांगण्याची गरज नाही!

या आडव्या रफाराची एक गोष्ट ग्रंथपालांनी विशेष ध्यानात ठेवावी. तो दोन रीतींनी लिहिता येतो: 'ऱ' हे अक्षर घेऊन, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडखूण ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन निरनिराळे शब्द आहेत. एका लेखनिकाने एका रीतीने नोंदविलेला ग्रंथ दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्या वाचकाला सापडत नाही, आणि ग्रंथ कपाटात असताना 'उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते.

आता आपल्या शहराकडे वळतो. येथे १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय उभे राहिले. त्यात पुढाकार घेणारे कोमर्राजू लक्ष्मणराव नागपुरात शिकलेले आणि मराठीतही लिहिणारे होते. एका भाषेची संस्था पाहून दुसरीने शिकावे, ही येथली जुनी चाल आहे. म्हणून सांगतो: येथल्या तेलुगू तरुणांनी 'स्वेच्छा' नावाने लिनक्सवर आधारलेली तेलुगू प्रणाली २००५ साली काढली. ग्रंथालयांसाठीची 'न्यूजेनलिब' ही आज्ञावली याच शहरात घडली आणि २००८ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली. त्याआधी न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भागाच्या ग्रंथालयांसाठी 'कोहा' तयार झाली व २००० सालच्या जानेवारीत चालू झाली. आज ती भारतातील अनेक ग्रंथालयांत लिनक्सवर चालते. कोहा हा माओरी भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ भेट, परतफेडीची जाणीव गृहीत धरणारी भेट. आपल्याकडच्या आहेरासारखेच म्हणा ना.

मराठीसाठी कोणी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'लोहित' टंकांची निगा पुण्यात राखली गेली; मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्त' हा देखणा टंक खुला केला; प्रणालीतील सूचनांचे मराठी भाषांतरही स्वयंसेवकांनी केले आहे. त्या भाषांतरात 'फाइल' म्हणावे की 'धारिका' की 'संचिका', हा वाद कधी संपत नाही. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली स्थापन झालेल्या 'दार-उल-तर्जुमा'ने अशाच परिभाषेचा प्रश्न उर्दूसाठी हाताळला होता. तेथे विद्वानांच्या समित्या बसत. येथे कोणीही बसू शकतो, आणि म्हणूनच जे बसतात त्यांचेच शब्द रूढ होतात. माझे मत 'फाइल'च्या बाजूचे आहे. रोजच्या ओठांवरचा शब्द काढून नवा बसविणे हा केवळ हट्ट आहे.

काम राहिले आहे ते निराळेच. मुक्त प्रणालीतील शब्दतपासणीची यादी मराठी विभक्तीला पुरी पडत नाही. 'ग्रंथालय' एक, पण ग्रंथालयाचा, ग्रंथालयांतून, ग्रंथालयासमोरचा, ग्रंथालयांमधलीसुद्धा अशी रूपांची मालिका संपत नाही, आणि शुद्ध शब्दाखाली लाल रेघ उमटते. ती पाहून नवशिका मुलगा शुद्ध शब्दच बदलून टाकतो. घरात मराठी, शाळेत तेलुगू-हिंदी-इंग्रजी असलेल्या आपल्या मुलांच्या बाबतीत हे अधिकच घडते. हंगेरियन भाषेतही शब्दांना असेच प्रत्ययांवर प्रत्यय लागतात. लास्लो नेमेथ यांनी त्या भाषेसाठी 'हन्स्पेल' रचले आणि आज तेच यंत्र जगभरच्या भाषांना उपयोगी पडते. यंत्र तयार आहे. त्याला मराठी सामान्यरूपाचे नियम भरविणारे व्याकरणाचे जाणकार हवेत. ते संगणकाच्या कचेऱ्यांत नसून या सभागृहात आहेत.

खरी अडचण येथे आहे. हायटेक सिटीत दिवसभर लिनक्सवर काम करणारी आपली मुले 'ळ'चे स्थान विसरली आहेत, आणि ते पक्के ठाऊक असलेले आपले ज्येष्ठ सभासद संगणकापासून चार हात दूर राहतात. दोघांची गाठ पडण्याची जागा या शहरात मला तरी हीच एक दिसते. विश्वस्तांनी अनुमती दिली तर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी वाचनकक्षातील एक मेज यासाठी मोकळे ठेवावे. पहिल्या बैठकीला आपल्याच सूचीतून 'ऱ', 'ळ', 'क्ष' आणि 'ज्ञ' असलेली शंभर शीर्षके निवडावीत, ती लिनक्सच्या संगणकावर वर्णक्रमाने लावून पाहावीत, आणि जेथे चूक दिसेल तेथे ज्येष्ठांनी सांगावे, तरुणांनी लिहून कळवावे. चष्मा मात्र प्रत्येकाने आपापला आणावा.