मातीला जाताना

आमच्या सातारा-सांगलीकडे कुणी गेलं की निरोपात एकच प्रश्न असतो, ‘माती कधी आहे?’ घर मराठ्याचं असो, लिंगायताचं असो की आमचं. जिथे देहाला अग्नी द्यायचा तिथेही माणसं ‘मातीला जाऊन येतो’ असंच सांगून निघतात. आणि ‘मयत’ हा शब्द मूळचा अरबी, पण गावात तो कुणाला परका वाटत नाही.

आमच्यात मयताला गुस्ल देतात, म्हणजे अंघोळ. पाण्यात बोरीचा पाला, शेवटच्या पाण्यात कापूर. मग कफन. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच, तेही न शिवलेले. माझे अब्बा शिंपी होते. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, पण त्यांच्या शेवटच्या कपड्याला शिवण नव्हती. जनाज्याच्या नमाजात रुकू नसतो, सजदा नसतो, सगळी उभ्यानेच. त्यामुळे अब्बांचे हिंदू मित्र मागे हात जोडून उभे राहिले ते वेगळे दिसले नाहीत. कबरीत चेहरा पश्चिमेकडे, किब्ल्याकडे केला आणि मग प्रत्येकाने तीन तीन मुठी माती दिली. मित्रांनीही दिली.

घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी आली. पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर लढाईत पडले तेव्हा ‘त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा, ते दुःखात आहेत’ असं पैगंबरांनी सांगितल्याची हदीस आहे. आमच्या शेजारणींना ती ठाऊक असायचं कारण नव्हतं. नंतर मात्र जेवणाची दिशाच उलटते. तिसऱ्या दिवशी जियारत, चाळिसाव्याला सगळ्या जमातीला जेवण, आणि त्यासाठी उसनवारी. तेराव्याचंही तेच. दुःखातल्या माणसानेच पंगती वाढायच्या, हे मला कधी पटलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते बांगड्यांविषयी. जनाजा उठला आणि दोघी-तिघी वयस्क बायका अम्माच्या हातातल्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या. त्यांत आमच्यातल्या होत्या, शेजारच्याही होत्या. या एका बाबतीत दोन्हीकडचं एकमत! माझी थोरली बहीण आडवी आली. म्हणाली, ‘‘कौनसे किताब में लिखेला है?’’ तिचं बरोबर होतं. विधवेने चार महिने दहा दिवस इद्दत पाळावी, तेवढा काळ दागिना घालू नये, साजशृंगार करू नये, हे शरियतमध्ये आहे. पण बांगड्या दगडावर फोडायच्या आणि पुन्हा कधीच भरायच्या नाहीत, हे कुठेच नाही. ती इथल्या मातीतली रीत. पिठलं-भाकरी जशी इथली, तशी हीसुद्धा इथलीच. सगळंच इथलं गोड मानून घ्यायचं कारण नाही.

बायका कुरकुरल्या. एक तर उठून गेली. बहिणीने साबणाचं पाणी आणलं आणि अम्माने एकेक बांगडी स्वतः उतरवली. आम्ही पुरुष तेव्हा कब्रस्तानात होतो. हे सगळं मला रात्री कळलं.

पुढे मे २०२२मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. बातमी वाचून मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘ठराव झाला ते चांगलं झालं. पण त्या वेळी हात धरणारी बाई तिथे पाहिजे.’’

इद्दत संपली त्या आठवड्यात अम्मा बहिणीला घेऊन बाजाराला गेली. कासाराने हात ओळखला, माप विचारलं नाही. हिरव्या नको म्हणाली, दोन-दोन निळ्या भरून आली.