गाडी नागपूरची की बडनेऱ्याची? आधी साल बघा

धामणगाव रेल्वेहून बोलतोय. विषय कोरडा वाटेल, पण नोकरीच्या व्हेरिफिकेशनला हाच अडवतो: विद्यापीठातलं रेकॉर्ड.

अमरावती विद्यापीठ सुरू झालं १ मे १९८३ ला. त्याआधीच्या पदव्या नागपूर विद्यापीठाच्या. म्हणून घरात कोणाची जुनी मार्कशीट हरवली असेल, तर आधी पास झाल्याचं साल बघा. मगच ठरवा, गाडी नागपूरकडची पकडायची की बडनेऱ्याकडची.

आता उत्तरपत्रिका. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात बघता येते. पण कधीपर्यंत? नियमानं ती जपून ठेवायची मुदत आहे तोवरच. मुदतीनंतर गठ्ठे नष्ट केले, तर दाखवणार काय?

तेव्हा गड्याहो, मार्कांवर शंका असेल तर पुढच्या सेमिस्टरची वाट बघू नका. अर्ज आजच टाका, आणि पोचपावती जपून ठेवा. तुमचंही रेकॉर्ड पाहिजेच ना!