राखेचे तीळ

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ते ज्या बागेवरून बेतलं, ती कोराकुएन बाग जपानमधल्या ओकायामा शहरात आहे. त्याच ओकायामा प्रांतात बिझेन हा कुंभारांचा जुना मुलूख. तिथला चहाचा एक वाडगा मी पाहिला तो मात्र मुळशीत, धरणाकाठी राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे.

पहिल्या नजरेत तो कुणाला आवडू नये असाच. तपकिरी, जरासा वाकडा, एका अंगाला पिवळट-हिरवे ठिपके. शेजारच्या आजींनी नखानं एक ठिपका खरवडून पाहिला. ‘राख म्हणता, मग निघंना कशी?’ भाताच्या रोपांसाठी दरसाल राब भाजणाऱ्या बाईचा प्रश्न तो! राख त्यांना ठाऊक आहे.

या वाडग्याला कुंभार झिलई लावतच नाही. भातखाचराखालची चिकट माती, पाइनची लाकडं आणि आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही जास्त, पेटती भट्टी. आच बाराशे अंशांच्या घरात गेली, की ज्वाळेबरोबर उडून भांड्यावर बसलेली राख वितळते. तिच्यातला चुना आणि पोटॅश मातीतल्या सिलिकाशी एकजीव होऊन काच बनते. आपल्या कुंभाराच्या आव्यातही राख उडते, पण तिथली आच एवढी चढत नाही. माठावरची राख फडक्यानं पुसता येते.

जपानी लोक या ठिपक्यांना ‘गोमा’ म्हणतात, म्हणजे तीळ. मराठीत तीळ लाडवातही असतो नि गालावरही. तेव्हा शब्द आपल्याकडेच जास्त शोभतो, असं मला आपलं वाटतं.

हा निव्वळ योगायोग म्हणावा, तर तसंही नाही. भांडं भट्टीत कुठं ठेवायचं, कुठली बाजू ज्वाळेकडे करायची, हे कुंभार ठरवतो. पुढचं आगीवर सोडतो. त्यातून जी बाजू खुलते, ती वाडग्याचा चेहरा. जपानी चहाविधीत यजमान तो चेहरा पाहुण्याकडे करून वाडगा देतो आणि पाहुणा वाडगा किंचित फिरवून मगच ओठाला लावतो. चेहऱ्यावर ओठ टेकवायचे नाहीत, ही अदब. चहा संपला की दोन्ही हातांत धरून, उलटा करून, बुडाची बैठकही पाहायची.

स्नेही तो काचेच्या कपाटात ठेवत. मला ते पटेना. अशा भांड्याचं निम्मं देखणेपण तळहाताला कळतं, काचेआडून ते कसं कळणार? शेवटी त्यातून आल्याचा, दुधाचा चहा घेतला. फक्त बशी मागितली नाही.