सत्तेचाळीस क्रमांकाचा वर्ग



नाटक लिहायला शिकवता येते काय, हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे हमरीतुमरी होते. त्या वादात आम्ही आज पडत नाही. अमेरिकेतील एका प्राध्यापकाने हा उद्योग कसा केला, एवढेच सांगतो.

जॉर्ज पिअर्स बेकर हे हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजी शिकवीत. त्यांच्या नाट्यलेखनाच्या वर्गाचा यादीतला क्रमांक होता सत्तेचाळीस. कागदावर हसवणारे वाक्य रंगमंचावर पडते, हे लेखकाला डोळ्यांनी दिसले पाहिजे, म्हणून त्यांनी १९१२ च्या सुमारास एक नाट्यशाळा काढली. तिलाही हाच आकडा चिकटला. रंगमंच मात्र स्वतःचा नव्हता. शेजारच्या रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजातील लहानशा रंगमंचावर प्रयोग व्हायचे.

या शाळेची खरी गंमत प्रेक्षकांत होती. प्रेक्षक निमंत्रित असत आणि त्यांना एक अट होती: पाहिलेल्या नाटकावर लेखी अभिप्राय द्यायचा. बेकर ते सारे वाचीत आणि सह्या काढून टाकून लेखकाच्या हाती ठेवीत. आपण नाटक सुटल्यावर पानाच्या ठेल्यापाशी जे बोलतो, ते लेखकाच्या कानी कधी जात नाही, आणि लेखक समोर दिसला की आपणच 'छान झाले' म्हणून मोकळे होतो. (या व्याख्यानाबद्दलही तसेच होईल, याची आम्हाला कल्पना आहे.) निनावी कागदाला भीड नसते. नवख्या लेखकाला तो कागद झोंबत असणार. पण दुसरा खर्डा लिहायला तोच बसवतो.

१९१४ साली यूजीन ओनील या वर्गात आले. नटाचा मुलगा, बोटीवर खलाशी म्हणून हिंडलेला, क्षयातून उठलेला. राहिले एकच वर्ष. १९३६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याआधीच, १९३५ साली बेकर वारले तेव्हा, ओनील यांनी जाहीर पत्रात कबुली दिली ती तंत्राची नव्हे. आपल्या कामावर विश्वास ठेवायला गुरूने शिकवले, याची.

हार्वर्डच्या चालकांना मात्र नाटक बसवणे ही विद्या वाटेना. बेकर नाट्यगृह मागत राहिले. अखेर १९२४ साली एडवर्ड हार्कनेस या धनिकाने दहा लाख डॉलर दिले, ते येल विद्यापीठाला! बेकर तिकडे गेले. १९२६ च्या डिसेंबरात तेथे नाट्यगृह उघडले. लेखनाच्या जोडीला नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांचेही रीतसर शिक्षण सुरू झाले. प्रकाशयोजना शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांचे १९३२ चे पुस्तक पुढे त्या विषयाचा पायाच ठरले.

हार्वर्डमध्ये लोब नाट्यगृह उभे राहिले ते १९६० साली. बेकरांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.