जीर्णोद्धार दगडांचा आणि विचारांचा
(कलशारोहण सोहळ्यात केलेले भाषण)



आज आपल्या विठ्ठल-रखुमाई मंदिरावर कळस चढला. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटच्या गोण्या दिल्या, कोणी ट्रॅक्टर लावला, तर कोणी चार दिवस अंगमेहनत केली. या सर्वांचे ऋण गाव विसरणार नाही. मंदिर उभे राहिले. आता या मंदिरात आपण कसे वागावे, याविषयी दोन शब्द बोलतो.

धर्माचा विचार करण्याची आपल्या खानदेशात जुनी परंपरा आहे. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तेथे अभ्यासासाठी आलेले साने गुरुजी १९२४ साली प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनीच लिहून घेतली. गीतेतील गहन विचार विनोबांनी साध्या भाषेत कैद्यांपुढे मांडला. म्हणजे धर्माचा विचार ही केवळ पंडितांची मिरास नव्हे.

याच गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून उपोषण केले. त्याआधी महाराष्ट्रभर दौरा काढून त्यांनी लोकांची मने वळवली. ते विठ्ठलाला सोडून बोलले नाहीत, विठ्ठलाचे भक्त म्हणूनच बोलले. देव सर्वांचा, तर दार काहींना बंद का? भाविकाला हे भक्तीच्या वाटेने पटले आणि देव न मानणाऱ्याला माणुसकीच्या वाटेने. वाटा दोन, पण दोघे पोहोचले एकाच दाराशी.

त्यानंतर राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. १९५६ साली मुंबई राज्यात सार्वजनिक पूजास्थानांत सर्व हिंदूंना प्रवेशाचा हक्क देणारा कायदा झाला. आज कायद्याने कोणी कोणाला दाराशी अडवू शकत नाही. परंतु कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. पंगतीत कोण कोठे बसावे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

उद्याच्या महाप्रसादाची पहिली पंगत देणगीदारांची असावी आणि बाकीच्या पंगती वस्तीवार बसाव्यात, अशी सूचना गावात निघाली आहे. सूचना करणाऱ्यांच्या मनात वाईट नाही. देणाऱ्याचा मान राखावा, जुनी रीत मोडू नये, एवढाच त्यांचा हेतू. तरीही माझे मत निराळे आहे, ते नम्रपणे सांगतो.

मी तहसील कचेरीत कारकून आहे. अर्ज नामंजूर झाला तर कारण लिहावे लागते, आणि ते अर्जदाराला वाचता यावे लागते. ‘साहेबांच्या मनात आले नाही’ हे कारण होत नाही. गावाच्या सामाईक कामालाही हाच नियम लावावा. घरच्या देव्हाऱ्यात कोणी कशी पूजा करावी, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण जेथे सर्वांचा पैसा आणि सर्वांचा घाम आहे, तेथे ज्याला मागे बसवायचे त्याच्या तोंडावर सांगता येईल असे कारण पाहिजे. चार दिवस वाळू वाहणाऱ्या मजुराला ‘तू नंतर बस’ हे कोणत्या तोंडाने सांगावे? ‘रीत आहे’ म्हणावे, तर रीत पंढरपुरातही होतीच.

सर्व रीती वाईट असतात असे नव्हे. काकडा, हरिपाठ, सप्ताह यांनी गाव जोडले जाते. त्या अवश्य चालू राहाव्यात. जी रीत माणसाला माणसापासून तोडते, तिला मात्र कारण विचारावे.

म्हणून समितीला हात जोडून विनंती आहे. पंगत एकच असावी, जो येईल त्याने ओळीने बसावे आणि वाढण्याचे काम देणगीदारांनी आपल्या हाती घ्यावे. त्यात त्यांचा मान कमी होणार नाही, वाढेलच. फलकावर नावे कोरली जातील ती दगडावर. वाढणाऱ्याचे नाव जेवणाऱ्याच्या मनात राहते.

दगडांचा जीर्णोद्धार आज पुरा झाला. विचारांचा उद्याच्या पंगतीपासून सुरू करू या.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!