अडलेली डिझेल मोटार

थंडीच्या पहाटे डिझेलची मोटार चावी फिरवूनही सुरू होत नाही, तेव्हा मालकाच्या मनात प्रथम येते ती बॅटरी, मग नशीब आणि सर्वांच्या शेवटी मिस्त्री. यांपैकी पहिल्या तर्कात बरेच तथ्य असते. तथापि बॅटरी उत्तम असतानाही इंजिन मुके राहण्याची कारणे डिझेल मोटारीत पुष्कळ आहेत, आणि पेट्रोलच्या मोटारीशी त्यांचा संबंध थोडाच. पेट्रोलचा अनुभव गाठीशी घेऊन डिझेलकडे वळलेला माणूस सवयीने ठिणगी शोधू लागतो; येथे तर ठिणगीच नाही.

रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे परीक्षेस उतरले, ते याच एका कल्पनेच्या बळावर. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात ही हवा मूळच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि तिचे तापमान पाचशे अंशांच्याही वर जाते. अशा तप्त हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. म्हणजे अटी दोनच. हवा पुरेशी तापली पाहिजे, आणि तेल योग्य क्षणी पुरेशा दाबाने फवारले गेले पाहिजे. अडलेल्या मोटारीची सारी तपासणी या दोन अटींभोवतीच फिरते.

पहिल्या अटीत एक पोटअट दडलेली आहे व ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हवा दाबायची ती झपाट्याने. पिस्टन संथपणे वर गेला, तर उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरून जाते आणि थोडी हवा रिंगांच्या फटींतून निसटते. बेळगाव भागातील शेतकऱ्याला हे कोणा पुस्तकाने शिकविलेले नाही. विहिरीवरचे जुने तेल-इंजिन हँडल मारून सुरू करताना तो आधी दाब सोडण्याची कळ उचलतो, जड चाकाला चांगली गती येऊ देतो आणि मगच कळ खाली टाकतो. हँडल फिरत असताना नोझलमधून येणारा ‘कर्र’ असा आवाजही तो कान देऊन ऐकतो. तो ऐकू आला की तेल पोहोचले याची त्याला खात्री पटते. गती आणि तेल, या दोन्ही गोष्टी तो हाताने व कानाने तपासतो. मोटारीच्या मालकाला याहून निराळे काही करायचे नसते. फक्त हँडलच्या जागी स्टार्टर असतो, ज्याला बहुतेक लोक सेल्फ म्हणतात.

म्हणून पहिला प्रश्न असा की, इंजिन फिरते काय, आणि फिरत असल्यास कसे? चावी फिरविल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन दिवे मंदावत असतील, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडण्यांत आहे असे समजावे. बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी, सैल झालेली पकड आणि इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी गंजकी अर्थची पट्टी यांनी जितक्या नव्या बॅटऱ्या विनाकारण विकल्या असतील, तितक्या कोणत्याही विक्रेत्याने विकल्या नसतील. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ चालू असताना तो आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर ती डिझेल इंजिनाच्या उपयोगाची राहिली नाही. हीच बॅटरी कदाचित पेट्रोलची मोटार सहज सुरू करील. डिझेल इंजिनाचा दाब मोठा, म्हणून त्याला जोरही मोठा लागतो. दुसऱ्या मोटारीच्या बॅटरीची मदत घ्यायची असेल, तर काळ्या तारेचे शेवटचे टोक अडलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो आणि जोडताना उडालेली एक ठिणगी तिचा स्फोट घडविण्यास पुरेशी होते.

इंजिन जोमाने फिरत असूनही पेट घेत नसेल, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. अशा वेळी हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी कोणाला तरी मोटारीच्या मागे उभे करावे. धुराच्या नळीतून उग्र वासाचा पांढरा धूर येत असेल, तर तेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे, फक्त ते पेटत नाही, म्हणजे उणीव उष्णतेची आहे. मुळीच धूर नसेल, तर बहुधा तेलच पोहोचत नाही. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा शोध संपतो. पीथमपूरच्या पहिल्या पाळीचे कामगार घेऊन जाणाऱ्या एखाद्या इंदूरच्या गाडीवाल्याचा दिवस पहाटेच्या त्या अर्ध्या तासावर अवलंबून असतो. धूर न पाहताच त्याला चार नवी नोझल घ्यावयास लावले, तर त्याची महिन्याची मिळकत जाते आणि गाडी कदाचित तशीच उभी राहते.

उष्णतेची उणीव भरून काढण्यासाठी सिलिंडरच्या माथ्यात लहानसे तापणारे दांडे बसविलेले असतात. गॅरेजमध्ये त्यांना हीटर प्लग म्हणतात. चावी अर्धी फिरविली की समोरच्या फलकावर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबावे, एवढाच त्याचा निरोप. जुन्या मोटारींत हा काळ दहापंधरा सेकंदांचा असे, नव्यांत तो दोनचार सेकंदांवर आला आहे. तरीही घाईच्या माणसाला तेवढा धीर निघत नाही. एखादाच प्लग निकामी असेल, तर इंजिन अडखळत, थरथरत सुरू होते. सगळे एकदम गेल्यासारखे वाटत असेल, तर त्यांना वीज देणारा रिले किंवा फ्यूज आधी पाहावा; चार प्लग एकाच रात्री मरत नाहीत. गोव्यात थंडी नावापुरतीच असल्याने तेथे मेलेल्या प्लगांवरही मोटार वर्षानुवर्षे निमूटपणे चालते. तीच मोटार जानेवारीत ग्वाल्हेरला नेली, की पहिल्याच पहाटे ती असहकार पुकारते. पाहुण्यांना वाटते, वाटेत भरलेले डिझेल वाईट होते.

थंडीत डिझेल गोठते ही समजूत अगदीच खोटी नाही. त्यातील मेणाचे कण घट्ट होऊन फिल्टर तुंबवितात. म्हणूनच हिवाळी डिझेल उन्हाळी डिझेलहून निराळ्या प्रमाणाचे असते, आणि २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल मुद्दाम काढावे लागले. पण माळव्यात हे कारण विरळा. तेथे संशय आधी प्लगांवर घ्यावा.

आता तेलाकडे वळावे. टाकी रिकामी आहे काय, हा प्रश्न अपमानास्पद वाटला तरी विचारावा, कारण काट्यावर सर्वकाळ विश्वास ठेवता येत नाही. डिझेल मोटारीची टाकी एकदा पूर्ण आटली, की नुसते तेल भरून काम भागत नाही. नळ्यांत शिरलेली हवा पंपात अडकून बसते. तेल दाबले जात नाही, हवा मात्र रबराप्रमाणे दबते व पुन्हा फुगते. परिणामी नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. उपाय सोपा आहे. फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप दाबीत राहावे. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी अखंड धार लागते. त्या धारेतच स्क्रू घट्ट करावा. टाकी भरलेली असूनही रोज सकाळी हाच खटाटोप करावा लागत असेल, तर नळीत बारीकशी फट आहे. तिच्यातून तेल बाहेर गळत नसले, तरी रात्रभर हवा आत शिरत असते. फिल्टरच्या तळाशी पाणी साचण्याची एक तोटी असते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ती अधूनमधून सोडावी. पाणी पंपात गेले, तर गंजाने त्याचा जीव जातो. जुन्या पंपावर इंजिन बंद करणारी विजेची झडप असते. चावी फिरविताच तिने ‘टिक्’ असा आवाज दिला नाही, तर तिची तार सुटली आहे किंवा ती जळाली आहे. हा दोष निस्तरायला क्षुल्लक, पण न सापडल्यास सारा दिवस घेणारा.

येथपर्यंतचे सारे जुन्या पिढीच्या मोटारीचे झाले. एकाच नळीत दाब साठवून संगणकाच्या हुकमाने तेल सोडणाऱ्या नव्या कॉमन रेल इंजिनात मात्र हाताला आवर घातला पाहिजे. जुन्या इंजिनात नोझलचे नट किंचित सैल करून तेल येते काय हे मिस्त्री पाहत असत, आणि तेथे ते चालेही. कॉमन रेलमधील दाब वातावरणाच्या हजार ते दोन हजार पट असतो. सैल नटाखालून उडालेली केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते. वर दिसते ती केवळ टाचणी टोचल्यासारखी खूण, आणि दुखतही फारसे नाही. पण आत पसरलेल्या तेलाने तासाभरात बोट सुजते व प्रसंगी कापावे लागते. अशी खूण दिसताच घरगुती मलम न लावता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डिझेलची धार लागली आहे हे स्पष्ट शब्दांत सांगावे. या इंजिनांचा दोष संगणकाला यंत्र जोडूनच वाचावा. इंजिनाची गती सांगणारा सेन्सर बिघडला, किंवा चावीची ओळख पटली नाही, तर बाकी सारे धडधाकट असूनही संगणक तेल सोडीत नाही.

काही उतावळे लोक हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारतात. तापलेल्या हीटर प्लगांवर ईथर गेला, तर तो वेळेआधीच पेटतो, आणि त्यात पिस्टन फुटतो किंवा तोंड भाजते. चुकून पेट्रोल भरले गेले असेल, तर चावीला हातच लावू नये. टाकी रिकामी करण्याचा खर्च पंप बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. सेल्फ एका वेळी दहापंधरा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये मिनिटभर विसावा द्यावा, नाहीतर मूळचा एक दोष राहून जातो आणि त्यात जळालेल्या स्टार्टरची भर पडते.

बॅटरी, प्लग आणि तेल तिन्ही ठीक असूनही मोटार फक्त थंडीतच अडत असेल, तर रिंगा झिजून दाब कमी झाल्याचा संशय घ्यावा व प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. याच्या अगदी उलट तऱ्हेची एक व्याधी जुन्या फिरत्या पंपांना जडते. सकाळी मोटार विनातक्रार सुरू होते, पण पन्नास मैल धावून ढाब्यावर थांबली की पुन्हा उठत नाही. झिजलेल्या पंपात तापून पातळ झालेले तेल फटींतून मागे सरते व दाब होत नाही. अनुभवी मिस्त्री अशा वेळी पंपावर ओले फडके टाकून बिडी ओढीत बसतो आणि दहा मिनिटांनी मोटार सुरू करून देतो. मालकाला तो चमत्कार वाटतो. पंप मात्र त्या आठवड्यातच उतरवून दुरुस्तीला पाठवावा लागतो, कारण पुढच्या खेपेस दहाची वीस मिनिटे होतात.