प्रश्नाचा कागद कुणाच्या टेबलावर जातो?
(बेंबळी येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, आमदार निवडून दिला की आपलं काम झालं असं आपण समजतो. त्यानं दिलेला कागद मुंबईत कोण हातात घेतं, हे सहसा कुणी विचारत नाही. ‘मंत्रालयात दिलाय’ म्हणतात आणि विषय संपतो. पण प्रश्न सभागृहात विचारायचा असेल, तर कागद आधी मंत्रालयात जात नाही. तो जातो विधानभवनात, विधानमंडळ सचिवालयाकडे.

दोन्ही इमारती चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, मालक मात्र वेगळे. विधानमंडळ सचिवालयातले शिपायापासून प्रधान सचिवापर्यंत सगळे विधानसभेचे अध्यक्ष आणि परिषदेचे सभापती यांच्या अधिकाराखाली. घटनेच्या अनुच्छेद १८७ नं सभागृहाला स्वतंत्र कर्मचारीवर्ग दिला. दोन सभागृहं असतील तिथं सामाईक पदं ठेवायलाही मोकळीक दिली, आणि आपल्या राज्यानं ती घेतली. त्यामुळे विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सदस्य असले, तरी सचिवालय एकच.

हे स्वातंत्र्य सुखासुखी मिळालेलं नाही. विठ्ठलभाई पटेल १९२५ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हा सभागृहाचं काम सरकारी खात्यातलीच माणसं बघत. ज्याला जाब विचारायचा, त्याच्याच कारकुनानं प्रश्न तपासायचा! विठ्ठलभाईंनी हा वाद लावून धरला आणि १० जानेवारी १९२९ ला स्वतंत्र खातं उभं राहिलं.

आता समजा, बेंबळीच्या रस्त्यावर तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा, प्रश्न आला. कक्ष अधिकारी तो नियमात बसतो का ते पाहतो. कागद अवर सचिव, उपसचिव असा वर चढतो. स्वीकारायचा की नाही, हे अध्यक्ष ठरवतात. मगच तो संबंधित खात्याकडे उत्तरासाठी जातो. उत्तर मंत्र्याचं, पण दरवाजा सचिवालयाचा. या गाळणीत बरंच अडकतं, आणि आपल्याला कळतही नाही.

सभागृहात खाली बसून शब्द न् शब्द टिपणारे प्रतिवेदकही याच सचिवालयाचे; ते आळीपाळीनं येतात. आरडाओरड्यातून कोण काय बोललं ते वेगळं काढायचं, ही साधी गोष्ट नाही. ग्रंथालय, सुरक्षा, विधेयकांची शाखा हे सगळं असतंच. हिवाळी अधिवेशनाला हा सगळा संसार नागपूरला हलतो.

जिल्हा परिषदेत ‘पीआरसी येणार’ म्हटलं की दप्तरं कशी भराभर नीट होतात, ते इथल्या गुरुजींना आणि ग्रामसेवकांना विचारा. पीआरसी म्हणजे पंचायत राज समिती. तिच्यात आमदार असतात, पण प्रश्नावली, साक्षींच्या नोंदी, अहवालाचा मसुदा ही कामं सचिवालयातल्या माणसांची. समितीचा अहवाल दर्जेदार निघतो तो बराचसा त्यांच्या जिवावर, असं माझं मत आहे.

या कचेरीशी आपल्या भागाचं नातंही आहे. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं त्या काळात, १९७८-७९ मध्ये, तिथले शिवराज पाटील विधानसभेचे अध्यक्ष होते. पुढे ते लोकसभेचेही अध्यक्ष झाले.

प्रश्नाचा प्रवास उत्तरावर संपत नाही. मंत्री सभागृहात ‘रस्ता करू’ म्हणाले, की ते वाक्य कामकाजातून निवडून आश्वासन समितीपुढे ठेवलं जातं आणि खात्याकडे पाठपुरावा सुरू होतो. पारावर दिलेल्या शब्दाची अशी नोंद कुठंच होत नाही. तेव्हा आमदार भेटले, की प्रश्न विचारला का एवढ्यावर थांबू नका. मंत्र्यांनी आश्वासन दिलं का आणि समितीकडे त्याचं काय झालं, तेही विचारा.